चौदा नंबरची खाट

—नाय नाय म्याडम, ते खोडा. 'पहिल्या दिवसापासून तीनशे रुग्णांची सेवा' — कुनी सांगितलं हे तुमाला? ऑफिसातल्या त्या नव्या क्लार्कनं? त्याला काय ठावं, त्यो काल आलाय. तीनशे खाटा व्हत्या, हे खरं. लोखंडी, हिरवा रंग मारलेल्या. मी सोता टेम्पोतनं उतरवल्या, रंग वला व्हता त्यांचा, हात आठ दिवस हिरवे व्हते माजे. पर खाटा म्हंजे पेशंट नव्हं. बसा ना, उज्वला म्याडम. शिकायला असलात तरी आमाला म्याडमच. टेबलाला टेकू नका, आत्ताच फिनेल मारलंय. आज डिसेक्शन नाय, हॉल रिकामाच हाय. दहा वर्साचं पुस्तक काढायचंच असलं तर नीट लिवा — हां, स्मरणिका, तेच म्हनलं मी, पुस्तक.

हितं आदी रंगाची फॅक्टरी व्हती. बंद पडलेली. कोपरखैरण्याला तवा सिडकोची बैठी घरं, मंग चिखल, मंग खाडी — बास. रावसाहेबांनी ती फॅक्टरी घेतली आन बोर्ड लावला, मेडिकल कॉलेज आन रुग्णालय. रावसाहेब आमच्याच तालुक्याचे, सातारा जिल्ह्यातले. तुमी आत येताना तो पुतळा बगता ना, तेच. मी तवा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. अकरा वर्सं गोन्या व्हायल्या. मंग मनक्यातली गादी सरकली, उठता येईना, बसता येईना. रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलो, पाय धरले. म्हनाले, हौश्या, उद्यापासनं दवाखान्यात ये. आलो. एकोननव्वद साल. तवापासनं हितंच. त्या मानसानं माजं घर वाचवलं म्याडम. हे आदी सांगतो, कारन पुढं जे सांगनार हाय ना — म्हंजे सांगनार काय, तुमी इचारताय म्हनून.

हा तुमचा हॉल, हितं रंगाचे ड्रम असायचे. वर पत्रा. पयल्या ब्याचला पन्नास पोरं आन दोन बॉड्या. उनाळ्यात वास असा भरायचा की निम्मी पोरं वकायची, एखांदं धाडकन पडायचं, मी उचलून भाईर नेऊन झोपवायचो. आता ती मोठी डाक्टर झाल्यात, वळखत नायत. चालायचंच. आन क्याज्युअल्टी म्हंजे रस्त्याकडची एक खोली. शीट चढवलेली एक बाज, एक पडदा. पयला पेशंट कोन आला सांगू? हे लिवा, हे चांगलं हाय. मार्केटातला एक माथाडी आला — पाठीत हूक. गोनी वढायचा लोखंडी आकडा असतो ना आमचा, तो. भांडनात कुनीतरी हानला तो तसाच आत, मूठ भाईर. चालत आला! चालत! म्हनतो, हे काढा, मला परत ड्युटी हाय. डाक्टर पोरगं नवीन, ते हूकाला हातच लावंना. दिघ्याकडनं तलवारीचे वार घेऊन मानसं यायची, बेलापूर रोडनं ट्रकखाली आलेली यायची — एकाचा पाय मी येगळा घेऊन आलो व्हतो, गोनपाटात. मला काय वाटायचं नाय. रगताचं मला कधी काय वाटलंच नाय म्याडम. गोनी फाटली की कांदं सांडतात, तसं. खोटं कशाला बोलू.

तर तपासनी. ती लिवलीय का तुमी? 'सन एक्क्याण्णव, मान्यता मिळाली.' एवढंच? एका वळीत? बरं हाय. एका वळीतच बसवा. — नाय, राग नाय आला मला. कशाचा राग?

बगा, कॉलेज चालवायचं तर दिल्लीवाले येनार, तपासनार. खाटा किती, पेशंट किती, प्रोफेसर किती. ते बगनार, मंग कागद देनार. कागद नाय तर पन्नास पोरं घरी. आता आमच्याकडं पेशंट किती? चांगला दिवस असला तर साठ. कोन येनार हितं? वाशीला सरकारी दवाखाना हाय, मुंबईत मोठमोठे हायत. मंग रावसाहेबांनी मला बोलावलं. खुर्चीत बसलेले, पानाचा डबा पुढं. म्हनाले, हौश्या, खाटा भरायच्यात. एक दिवस. मी म्हनलं, भरतो. एवढंच बोलनं झालं. सगळीच कॉलेजं करायची तसं, आमीच एकटे नव्हं. प्रोफेसर पन भाड्याचे यायचे, कोट घालून, सकाळी गाडीतनं उतरायचे, संध्याकाळी गायब. मंग पेशंट भाड्यानं आनले तर काय बिगडलं?

मी फिरलो. दिघ्याच्या झोपड्यांत, आपल्या माथाड्यांच्या खोल्यांत. दिवसाचा रोज, दोन टायम जेवन, खाटंवर पंख्याखाली निजायचं. कोन नाय म्हनंल? मानसं हसत आली. म्हाताऱ्या बाया नातवंडं घेऊन आल्या. सकाळी सहाला सगळ्यांना आंघोळ, दवाखान्याचे कपडे. कुनाला पट्टी, कुनाला सलाईनची नळी — निसती चिकटवलेली, सुई नाय. ज्ञानू म्हनून एक माथाडी व्हता, त्याला हातभर प्लास्टर घातलं, ते वाळेस्तवर त्यो नाचत व्हता. जत्राच! आन मी सगळ्यांना शिकवत फिरतोय — तू दमेकरी, तू पडलेला, तुला कावीळ, डोळं उघडू नको, पिवळं नायत तुजं. हसू आवरंना.

त्या गर्दीत जोतीराम आला.

जोतीराम म्हंजे — माजा जोडीदार. गाववाला. मार्केटात आमची जोडी. एका गोनीचं एक टोक त्याचं, एक माजं. अकरा वर्सं. एका खोलीत ऱ्हायलो, एका ताटात जेवलो. माजी पाठ गेली तवा त्यो मला खांद्यावर घालून दवाखान्यात घेऊन गेला व्हता. आदल्या रातीपासनं त्याच्या पोटात दुखत व्हतं. गोनी उचलवंना म्हनून ड्युटीवर गेला नाय. मला म्हनाला, हौसा, आज रोज बुडालाच हाय, तुज्या दवाखान्यात निजतो. मी म्हनलं, ये की. चौदा नंबरची खाट दिली त्याला, खिडकीकडची. म्हनलं, तुला काय नाटक शिकवायला नको, पोट धरून पड. अपेंडिक्स सांग.

त्यो पडला. कन्हत व्हता. आजूबाजूची मानसं हसायला लागली. प्लास्टरवाला ज्ञानू म्हनाला, वारे पठ्ठ्या, जोतीबानं बाजी मारली. मी पन हसलो. — हसलो म्याडम. मी हसलो.

दहा वाजता साहेब लोक आले. तिघं. एकाच्या हातात वही. त्यांच्यामागं आमचे भाड्याचे प्रोफेसर, त्यांच्यामागं रावसाहेब, पांढराशुभ्र पोशाख. चौदा नंबरपाशी थांबले. एका साहेबानं पोटावर हात ठेवला, दाबला, आन सोडला. जोतीराम असा वरडला — आजपर्यंत मी तसं मानसाचं वरडनं ऐकलं नाय. जनावर असतं ना, कापताना. साहेबानं भुवया वर केल्या, इंग्रजीत काय तरी बोलला. प्रोफेसर म्हनाले, उद्या ऑपरेशन ठेवलंय. साहेबानं वहीत लिवलं आन पुढं गेले. चांगला पेशंट म्हनून लिवलं असंल.

आता त्या घोळक्यात एक जनच खरा डाक्टर व्हता. खलील सर. तुमचे खलील सर, हो, अॅनाटॉमीचे. तवा ते सर्जरीत व्हते. नुकतंच शिक्षन झालेलं, सत्तावीस वय, काडीसारखे. मूळ श्रीवर्धनकडचे, वडील तिथं शाळेत मास्तर. हात असा व्हता त्यांचा, की आमची सिस्टर म्हनायची, ह्यांनी टाका घातला की कातडीला कळत नाय. तुमाला ते ठावं नसंल. तुमी त्यांना डावखुरेच समजता.

ते मागं थांबले. साहेब लोक पुढं गेले आन ते जोतीरामपाशी बसले. पोटाला हात लावला, डोळ्याखाली बगितलं, नाडी धरली. मंग मला हाक मारली. हळूच. "हौसेराव, हा माणूस खोटा नाहीये." मी म्हनलं, सर, आपलाच मानूस हाय, नाटकी हाय. तर म्हनाले, "ह्याचं पोट फळीसारखं कडक झालंय. आत काहीतरी फुटलंय. आत्ता उघडायला पाहिजे, नाहीतर जाईल." — 'जाईल' म्हनाले. ऐकलं मी. मला ऐकू आलं नाय असं मी कोर्टात सांगितलं व्हतं, ते खोटं. ऐकलं.

मी जोतीरामकडं बगितलं. त्याचं त्वांड राखेसारखं. घामानं उशी भिजलेली. मला म्हनतो, हौसा, आता नाटक बास कर गड्या, मला लय दुखतंय. तवा मला कळलं.  कळलंच ना. मी काय दगड हाय?

सर थेटरात पळाले. थेटर कसलं — दिवा भाड्यानं आनलेला, भूल द्यायचं मशीन भाड्यानं आनलेलं, आन भूल देनारा डाक्टर पन भाड्याचा, त्यो साहेबांबरूबर फिरतोय. सर म्हनाले, मग वाशीला नेऊ. अँबुलन्स पोर्चमधी फुलं लावून उभी, पर तिला इंजनच धड नाय, ढकलून आनलेली. सर म्हनाले, टेम्पो बघा, रिक्षा बघा, काहीही. आता गेटवर साहेबांच्या गाड्या. तिथनं मरायला टेकलेला पेशंट दुसऱ्या दवाखान्यात नेताना दिसला म्हंजे? संपलं ना सगळं. मी रावसाहेबांकडं गेलो. जेवनाच्या मांडवाच्या मागं भेटले. सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत व्हते. म्हनाले, साहेब तीनला जातील. तीननंतर काय करायचं ते करा. मी म्हनलं, डाक्टर ऐकत नाय. रावसाहेबांनी माज्याकडं बगितलं आन म्हनाले, तू मार्केटातला गडी ना? एक पोर आवरंना तुला?

आवरलं.

हे लिवू नका म्याडम. पेन खाली ठेवा. ठेवा म्हनतो ना! — माफ करा. वरडलो मी. असा हात आपटायला नको व्हता, तुमी दचकलात. पर ठेवा पेन.

खलील सर वॉर्डातनं पळत भाईर आले, रिक्षा बगायला स्वताच निगालेले. मी आडवा झालो. म्हनलं, सर, मागच्या स्टोअरमधी खरी सलाईन हायत, ती तरी लावा तवर, चला दावतो. आले. विश्वास ठेवला ना. आत गेले, आन मी दार वढलं. तर त्यांनी पाय घातला मधी. "हौसेराव, काय करताय?" मी खांदा लावला. शंभर किलोची गोनी लावायचा खांदा, म्याडम. ते आत फेकले गेले, मागच्या लोखंडी रॅकवर डोकं आपटलं, भुवई फुटली, रगत डोळ्यात. तरी उठले. माजी कॉलर धरली. मी मारलं. एकदा नाय. पोटात मारलं, त्वांडावर मारलं. खाली पडले तवा लाथ घातली बरगडीत. का? ते काय माजे वैरी व्हते? त्या घडीला मला काय कळतच नव्हतं, निसतं वाटत व्हतं की ह्यो मानूस गप झाला की समदं गप व्हईल, जोतीरामचं पोट पन गप व्हईल. मंग भाईरनं कडी घातली, कुलूप लावलं. साडेबारा वाजले व्हते. ते आतनं दार बडवत व्हते. मांडवातल्या स्पीकरवर सनई लावलेली, कुनाला ऐकू गेलं नाय.

मी वॉर्डात जाऊन चौदा नंबरपाशी बसलो. दुसरं काय करनार? त्याचा हात धरला. सांगत व्हतो, तीन वाजू दे, तीन वाजू दे. त्यानं पानी मागितलं, मी पाजलं. पाजायचं नसतं म्हनं, मला काय ठावं. हिरवं वकला. मंग कन्हनं थांबलं. मला वाटलं, बरं वाटतंय. शेजारच्या खाटंवरचे आता हसत नव्हते. उठून बसले व्हते सगळे, पट्ट्या बांधलेले, नळ्या चिकटवलेले, आन बगत व्हते. एक म्हातारी म्हनाली, अरं ह्यो चाललाय, डाक्टर कुटं हाय? मी म्हनलं, येतायत.

सव्वातीनला साहेबांच्या गाड्या गेल्या. मी धावलो, कुलूप काढलं. खलील सरांनी माज्याकडं बगितलंसुदिक नाय. एका डोळ्यावर रगत वाळलेलं, बरगडी धरून पळत गेले. जोतीरामचे डोळं तवा अर्धे उघडे व्हते. सरांनी छातीवर हात ठेवून दाबायला सुरवात केली. दाबतायत, दाबतायत, आन घाम आन रगत त्याच्या छातीवर टपकतंय. किती येळ केलं असंल. मंग थांबले. पट्टीचा तुकडा घेतला आन मेलेल्याची हनुवटी बांधायला लागले, त्वांड उघडं ऱ्हाऊ नये म्हनून. भाड्याचे प्रोफेसर तवर गाड्यांत बसले. रावसाहेबांची गाडी मागच्या गेटनं गेली. वॉर्डात उरलो आमी दोघं आन ते अडीचशे खोटे पेशंट.

पयली काच ज्ञानूनं फोडली. प्लास्टरच्या हातानं. एकच घाव, खिडकी भाईर. मंग पेटलंच. दमेकरी उठले, कावीळवाले उठले, डोक्याला पट्टी बांधलेल्यांनी सलाईनचे दांडे उचलले. खाटा उलथ्या केल्या, कपाटं पाडली, औषधाच्या बाटल्या भिंतीवर. सिस्टर बाथरूमात कोंडून घेऊन किंचाळतायत. ज्ञानू त्याच कपड्यांत मार्केटात पळाला. अर्ध्या-पाऊन तासात दोन ट्रक आले. भरून. अंगात गंजीफ्राक, डोक्याला फडकी, कमरंला हूक. गेट पाडलं. फुलांची अँबुलन्स उलटी केली आन पेटवली. गेटवरच्या वॉचमनला असा आपटला की त्याची कवळी लांब जाऊन पडली, आन त्याच्या अंगावरनं मानसं गेली. काऊंटरवरचा एक क्लार्क हात जोडत व्हता, मी नाय, मी नाय — त्याचं डोकं काऊंटरवरच घातलं, दोनदा, तीनदा. मी हे सगळं जिन्यावरनं बगत व्हतो. सगळी माजीच मानसं. नावानिशी वळखत व्हतो एकेकाला.

सगळ्यात पुढं धनाजी. जोतीरामचा धाकटा भाऊ. जोतीरामनंच वाढवलेला, बापाच्या ठिकानी. त्यानं भावाला बगितलं, हनुवटी बांधलेला.  मागं वळला आन माजा गळा धरला. भिंतीला लावला मला. पाय जमिनीवरनं उचलले. हूक हितं, कानाखाली. "हौशा, तू आनलास माज्या भावाला. बोल. कुनी मारला?"

आता काय बोलायचं? सांगा ना. तुमी शिकल्या-सवरलेल्या, सांगा. मी मारला म्हनायचं? रावसाहेबांचं नाव घ्यायचं? माजी बायको, दोन पोरी त्याच आवारात ऱ्हायच्या, मागच्या खोलीत. मला मुतायला झालं. झालंच, पायावरनं गेलं गरम. आन मी — बोट केलं. "त्यो डाक्टर. वॉर्डात त्योच व्हता. त्यानं हात लावला नाय."

एवढंच. हात लावला नाय, म्हनलं.

खलील सर तिथंच उभे व्हते, जोतीरामपाशी. पळता आलं असतं त्यांना, म्याडम. मागचं दार उघडं व्हतं. पळाले नायत. केसांना धरून वढलं त्यांना. आदीच बरगडी गेलेली, त्याच बाजूला लाथा. एकानं सलाईनचा दांडा घातला पाठीत, वाकडा झाला दांडा. आन सर काय म्हनत व्हते ठावं हाय? एकच म्हनत व्हते. "दार बाहेरून बंद होतं. दार बाहेरून बंद होतं." तीनदा, चारदा. कुनाला अर्थ लागला नाय. लोकांना वाटलं, मार बसून डोकं फिरलंय. मला लागला अर्थ. मी चार हातांवर उभा. मी म्हनू शकत व्हतो. त्वांड उघडलंच नाय.

धनाजी म्हनाला, ह्यानं हात लावला नाय काय? धरा ह्याचा हात. दोघांनी उजवा हात चौदा नंबरच्या खाटंच्या कडंवर दाबून धरला — मेलेला भाऊ वर तसाच — आन धनाजीनं हूक घातला. तळव्यातनं आरपार. आन वढला. गोनी वढतात तसा. मंग काढला, आन परत. तिसऱ्यांदा हाडात अडकला, पाय लावून काढला. सर बेशुद्ध झाले तवा सोडलं. पोलीस आले. मंग पोलिसांनी मारलं, सगळ्यांना, दवाखान्याच्या कपड्यातल्यांना पन. लंगडत पळनारी म्हातारी, तिच्या पाठीत काठी. फरशीवर औषध, रगत, काच — मी ती फरशी धुतली, सकाळपर्यंत लाल पानी निगत व्हतं.

मंग? मंग काय. एप्रिलात कागद आला. मान्यता. पेढे वाटले. चौकशी झाली, तिच्यात आलं की ड्युटीवरच्या डाक्टरनं उपचारात हयगय केली. मी साक्ष दिली ना. धनाजीला चार वर्सं झाली. सरांच्या हातावर मुंबईत दोन ऑपरेशनं झाली, अंगठा आन शेजारचं बोट थोडं हालतं, बाकीचं मेलं. त्यांचे वडील त्यांना श्रीवर्धनला घेऊन गेले. आन ऐका — पोलिसांना जबाब देताना सरांनी माजं नाव घेतलं नाय. कोंडलं म्हनून सांगितलंच नाय. का? मी लय इचार केला. धनाजीला कळलं असतं तर त्यानं मला जित्ता ठेवला नसता, आन त्यो फासावर गेला असता — म्हनून? का मला काय किंमतच नाय त्यांच्या लेखी? ठावं नाय.

तीन वर्सांनी परत आले. सर्जरी तर गेली, दुसरीकडं कोन घेनार, चौकशीचा डाग. रावसाहेबांनी अॅनाटॉमीत घेतलं. घेतलं म्हंजे गप ठेवायला घेतलं. तवा मी आदीच ह्या हॉलला बदली झालेलो. पयल्या दिवशी आत आले, डाव्या हातात खडू. मला बगितलं.  म्हनाले, "हौसेराव, ह्या हॉलच्या चाव्या कुणाकडे असतात?" मी म्हनलं, माज्याकडं, सर. "असू द्या," म्हनाले. आन फळ्याकडं वळले. बास. पाच वर्सं झाली. रोज बगतो मी त्यांना, रोज बॉडी काढून देतो, रोज ब्लेड हातात देतो. तास चालू असताना दाराला वीट लावून ठेवतात, तुमी पोरं हसता त्याला — हसू नका. गेल्या साली मी एकदा पाय धरले. हॉल रिकामा व्हता, असाच. म्हनलं, सर, मला मारा. एकदा तरी हाना. तर म्हनाले, "उठा. मुलं येतील, माझा तास आहे." मारलं असतं तर बरं झालं असतं हो. मला मार कळतो. हे कळत नाय.

आन सगळ्यात वाईट ते नाय. सगळ्यात वाईट सत्यभामा. जोतीरामची बायको. तिला रावसाहेबांनी झाडूपोछ्याला लावली, ह्याच मजल्यावर. तिला काय ठावं? तिच्या लेखी नवऱ्याला खलील सरांनी मारलं. सर कॉरिडॉरमधनं गेले की ती त्वांड फिरवते आन बादलीत थुकते. रोज. सर थांबतात, तिला पुढं जाऊ देतात, मंग जातात. एकदा थुकी त्यांच्या बुटावर पडली. त्यांनी खिशातनं रुमाल काढला, डाव्या हातानं पुसला. आन मी? मला ती भावजी म्हनते. संक्रांतीला माज्या घरी वान घेऊन येते. तिच्या पोरीच्या लग्नात मला म्होरं बसवलं, जोतीरामच्या जागी. मी बसलो! अक्षता टाकल्या!

तुमी म्हनताय, सांगा तिला. म्हनताय ना? डोळ्यांत दिसतंय तुमच्या. सोपं हाय काय? अन् सांगितलं तर — धनाजी सुटून आलाय, मार्केटातच हाय. माज्या पोरी — नाय, पोरींची तर लग्नं झाली. मंग कशाला भितोय मी? काय उरलंय माजं? तेच तर. तुमाला सांगितलं म्हंजे तिलाबी सांगता येईल की. कठीन ते झालं. आता एक वाक्य ऱ्हायलंय निसतं. दार मी बंद केलं व्हतं. एवढंच तर म्हनायचं.

थांबा — चपला वाजतायत. तीच. ह्या टायमाला ती पान्याला येते. बसा तुमी, उठू नका. तुमी असलात तर मला — बसा.

सत्यभामा! ए सत्यभामा, जरा हिकडं ये. ये, आत ये, म्याडम आपल्याच हायत. बादली ठेव खाली. बस जरा. अगं बस तर. मला तुला एक — ते जोतीरामचं — त्या दिवशी —

काय नाय. काय नाय गं. पान्याचं म्हनत व्हतो, आज कमी दाबानं येतंय, तिकडची टाकी भरून ठेव. नाय, मला काय धाड भरलीय? घाम व्हय, पंखा बंद हाय ना. जा तू. जा.

गेली.

तुमी काय बगताय? उठा म्याडम. वही घ्या आन निगा. जावा म्हनलं ना.